सतरा प्रभागांचे गाव

ग्रामपंचायत कितीही मोठी असली तरी तिचे सदस्य जास्तीत जास्त १७. नगरपंचायतीत लोकांनी निवडून द्यायचे नगरसेवकही १७. त्यामुळे दहा-अकरा वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत एकापाठोपाठ एक ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याला फरक दिसला तो फक्त पाटीचा. इमारत तीच, शिपाई तोच, बाहेरच्या कट्ट्यावरची मंडळीही तीच. आत मात्र १९५८ चा ग्रामपंचायत कायदा कपाटात गेला आणि १९६५ चा नगरपरिषद कायदा टेबलावर आला. घरपट्टीचा हिशेब, बांधकामाचा परवाना, घरकुलाचे पैसे, मजुराचे काम, जिल्हा परिषदेचे मत, सगळ्याचे नियम त्या एका अधिसूचनेने बदलले. गावाला याबद्दल कुणी फारसे विचारले नव्हते.

राज्यघटनेत नगरपंचायतीची जागा ७४ व्या दुरुस्तीने केली. खेड्यातून शहराकडे सरकणाऱ्या वस्तीसाठी ही मधली संस्था. राज्याच्या कायद्यातली मोजपट्टी साधी होती : लोकसंख्या १० ते २५ हजार आणि किमान २५ टक्के रोजगार शेतीबाहेरचा. २०१४ मध्ये राज्य शासनाने ही मोजपट्टी बाजूला ठेवून ठरवले की तालुक्याचे ठिकाण असूनही जिथे अजून ग्रामपंचायत आहे, तिथे सरसकट नगरपंचायत करायची. मग वडूज, कुडाळ अशी बाजारपेठेची गावे त्यात आली, तशी भामरागड आणि कोरचीसारखी जंगलातली ठाणीही आली. जिथे दहा हजारांची वस्ती नाही, तिथेही सतरा प्रभाग पाडले गेले.

याच्या उलट बाजूचीही नोंद हवी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कायद्याने शहर ठरलेली ठिकाणे २५६ होती आणि ‘जनगणना शहरे’ २७८. म्हणजे जनगणनेच्या लेखी शहर, पण कारभार ग्रामपंचायतीचा, अशीच ठिकाणे जास्त. तेव्हा शासनाचा निर्णय अगदीच हवेतून आला असे म्हणता येणार नाही.

या निर्णयावर तालुक्याच्या गावांत जी दोन मते हमखास ऐकू येतात, ती इथे दोन माणसांच्या तोंडी दिली आहेत. एक निवृत्त ग्रामविकास अधिकारी. नोकरीतल्या रिवाजाप्रमाणे सारा गाव त्यांना अजूनही भाऊसाहेब म्हणतो. दुसऱ्या पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविका, म्हणजे ताई. माणसे कल्पित आहेत, त्यांचे गावही कल्पित. ते ज्यावरून भांडतात ते कायदे, आकडे आणि गावे मात्र खरी.

भांडणाला निमित्त झाले ते भाऊसाहेबांच्या मुलाच्या दुकानगाळ्याचे मालमत्ता कराचे बिल.

“हे वाचा ताई. घरपट्टी समजली. वृक्षकर आहे, झाडं कुठं आहेत ते विचारत नाही. शिक्षण कर आहे, शाळा जिल्हा परिषदेची आहे. आणि खाली बघा, रोजगार हमी कर. कर आमच्याकडून घ्यायचा आणि वस्तीवरचा माणूस काम मागायला आला की सांगायचं, तुमचं क्षेत्र नागरी!”

“तो कर राज्याचा आहे, भाऊसाहेब. आम्ही नुसता गोळा करतो.”

“गोळा करणाऱ्यालाच लोक विचारणार.”

“विचारू देत की. पण राज्याची मूळची रोजगार हमी, १९७२ च्या दुष्काळातली, तिच्यात ‘क’ वर्ग नगरपालिकांना जागा होती. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं ग्रामीण क्षेत्राची व्याख्या केली आणि नागरी संस्थेची हद्द त्यातून वगळली. हा खोडा दिल्लीचा आहे. नगरपंचायतीनं काय केलं त्यात?”

“नगरपंचायत झाली, हेच केलं. आपल्या हद्दीत गावठाण केवढं आणि शिवार केवढं? चार वस्त्यांवर नुसती शेती आहे. परवापर्यंत त्या माणसाला मनरेगातून सिंचन विहीर मागता येत होती, गोठा मागता येत होता. त्याच्या शेताला चाकं लागली नाहीत, ते शहरात गेलं नाही. त्याला मात्र तुम्ही शहरी करून टाकलं.”

ताईंना हे नाकारता येत नाही. हद्द आखताना महसुली गाव आहे तसे उचलले गेले आणि बाजारपेठेबरोबर वाड्या-वस्त्याही नागरी झाल्या, ही बहुतेक नगरपंचायतींची गोष्ट आहे. पण ताईंचा हिशेब दुसऱ्या रकान्यातून सुरू होतो.

“विहिरीचं बोललात, आता घराचं बोला. ग्रामीण आवास योजनेत सपाटीवरच्या गावाला घरकुलाचे १ लाख २० हजार मिळायचे. शहरी योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. अडीच लाखांत भिंती तरी उभ्या राहतात. पाण्याचं घ्या. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात, शहरातल्याला १३५. आपल्याकडे एस. टी. स्टँड आहे, कोर्ट आहे, कॉलेज आहे, सोमवारचा बाजार आहे. तालुक्यातली सगळी माणसं इथं येऊन पाणी पितात, घाण करून जातात. ५५ लिटरात काय भागणार? आणि तुमच्या काळात अभियंता कोण होता ग्रामपंचायतीला?”

“पंचायत समितीचा शाखा अभियंता यायचा.”

“कधी?”

“सवड मिळाली की,” भाऊसाहेब हसतात. “पण घरकुलाचं अर्धंच सांगितलंत. अडीच लाख आहेत, पण त्याला मालकीचा कागद लागतो, नकाशा लागतो, बांधकाम परवाना लागतो. गावठाणातल्या निम्म्या घरांना आमचा नमुना ८ चा उतारा, एवढाच आधार. ज्याच्याकडे कागद आहेत त्याला घराची निकड कमी. ज्याला निकड, त्याच्याकडे कागद नाहीत. १ लाख २० हजार कमी होते, पण ते गरिबाच्या हातात तरी पडत होते.”

हा मुद्दा दोघांच्या वादातला सर्वात खरा म्हणावा लागेल. नागरी योजना रकमेने मोठ्या असतात, पण त्या कागद असलेल्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. ग्रामीण योजना यादीतल्या माणसासाठी असतात, आणि ती यादी ग्रामसभेपुढे वाचावी लागते. एकाच रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घराला दोन वेगळे देश लागू व्हावेत असा हा प्रकार आहे.

कराड शेजारचे मलकापूर हे ताईंचे आवडते उदाहरण. तिथे मीटर लावून चोवीस तास पाणी दिले जाते, आणि जो जास्त वापरेल त्याला दरही चढता. छोट्या गावाला हे जमते हे मलकापूरने दाखवले आणि राज्यभरातून लोक ते पाहायला गेले. भाऊसाहेबांचे उत्तर तयार असते : छत्रपती संभाजीनगर जवळचे पाटोदा. तिथे भास्करराव पेरे पाटलांनी कर पूर्ण भरणाऱ्या घराला दळण फुकट देऊन वसुली वाढवली, आणि तीही साध्या ग्रामपंचायतीत राहून.

“आणि २०२१ च्या निवडणुकीत काय झालं पाटोद्यात? पेरे पाटलांची मुलगी पडली.”

“पडली ना! त्यालाच तर म्हणतात ग्रामपंचायत. एवढं नाव झालेल्या माणसाच्या घरातला उमेदवार गावानं पाडला. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांना त्याच वर्षी तीस वर्षांनंतर पहिल्यांदा निवडणूक लढवावी लागली, ते जिंकले. गाव दर वेळी तपासून बघतं.”

“मग आमच्याकडे काय निवडणूक होत नाही?”

होते. पण कशी होते, यावर भाऊसाहेबांना बरेच बोलायचे असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसते. पॅनेल कुणाचे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी मतपत्रिकेवर नारळ, छत्री, कपबशी. नगरपंचायतीत कमळ, पंजा, धनुष्यबाण, घड्याळ सगळे सरळ उभे राहतात. चिन्हाबरोबर गटनेता येतो, गटनेत्याबरोबर पक्षादेश येतो आणि १९८६ चा अपात्रतेचा कायदा येतो. पाण्याच्या टाकीच्या जागेवरचे मतसुद्धा मग जिल्ह्याच्या ठिकाणाहून ठरून येऊ शकते.

“तुम्हाला स्वतःला टाकी खालच्या आळीला हवी होती की नाही, खरं सांगा ताई.”

“हवी होती.”

“आणि हात कशाला वर केलात?”

ताई थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, “पक्षादेश होता. पण भाऊसाहेब, तुमच्या ग्रामपंचायतीत सदस्य सहलीला जात नव्हते का? अविश्वास ठराव आला की गाड्या भरून कोकणात कोण न्यायचं? चिन्ह नव्हतं म्हणून राजकारण नव्हतं, असं मला सांगू नका. चिन्ह असलं की निदान कळतं तरी, कुणाला जाब विचारायचा ते.”

पक्ष गावात आला म्हणून गाव बिघडते आणि तो बाहेर राहिला म्हणून गाव सोवळे राहते, हे दोन्ही समज तपासून घ्यावेत असे आहेत. २०२२ च्या जानेवारीत कवठेमहांकाळ नगरपंचायतीत १७ पैकी १० जागा जिंकून रोहित पाटलांनी राजकारणात पाऊल टाकले. त्यांचे वडील आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले होते आणि त्या अभियानाचा कणा ग्रामपंचायत होती. एका पिढीच्या अंतराने तालुक्याच्या गावातली सत्तेची पहिली पायरी ग्रामपंचायतीवरून नगरपंचायतीवर सरकली, एवढे त्यावरून दिसते.

सरपंच आणि नगराध्यक्ष यांच्या बाबतीत मात्र दोन्ही संस्थांचे हाल सारखेच झाले. थेट जनतेतून की सदस्यांतून, हा खेळ नगराध्यक्षाच्या बाबतीत २०१६, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरला, सरपंचाच्या बाबतीत २०१७, २०२० आणि २०२२ असा. एकदाही कोणत्या गावाने तशी मागणी केल्यामुळे नव्हे. मुंबईत सरकार बदलले की गावच्या खुर्चीचा नियम बदलतो.

वादाचा खरा गाभा ग्रामसभेचा. तिथे भाऊसाहेबांचा आवाज चढतो.

“वर्षाला किमान चार ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मतदार म्हणून माझं नाव यादीत आहे, एवढ्या एका कारणावरून मी उभा राहून विचारू शकत होतो की गटाराचं बिल दोनदा का निघालं. मी तर खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसायचो, शिव्या खायचो. तरी सांगतो, ती सभा हवी. लाभार्थ्यांची यादी तिथं वाचावी लागायची. आता तुमच्या सर्वसाधारण सभेत मला मागं बसून ऐकता येतं. बोललो तर बाहेर.”

“किती माणसं यायची त्या सभेला?”

“शंभर.”

“भाऊसाहेब, मी या गावात सून म्हणून आले त्याला वीस वर्षं झाली. कायद्यात गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. शंभर माणसं जमायची नाहीत. सभा तहकूब व्हायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात वीसजणांत सगळे ठराव मंजूर. आणि त्या वीसजणांत बाई किती? आमच्या आळीची? मागासवर्गीय वस्तीची? त्या वस्तीला नळ कधी आला ते तुम्हाला माहीत आहे. तिथला माणूस ग्रामसभेत उठून बोलला तर दुसऱ्या दिवशी ज्याच्या शेतावर कामाला जायचं, तोच समोर पहिल्या ओळीत बसलेला असायचा. अशा सभेत हक्क कागदावर सगळ्यांना असतो, आवाज पाचजणांना.”

ताईंच्या या बोलण्याला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला विरोध केला होता. दलितांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर पंचायतीला दिलेला प्रत्येक अधिकार गावातल्या बहुसंख्य जातींच्या हातात जाईल, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मसुदा मांडतानाही त्यांनी खेड्याला घटनेचा पाया मानायला नकार दिला आणि व्यक्तीला पाया मानले. त्यानंतरच्या चर्चेत गांधीविचाराच्या सदस्यांच्या आग्रहाने ग्रामपंचायती मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४० मध्ये आल्या. आज राखीव जागा आहेत, महिलांना २०११ पासून निम्म्या जागा आहेत. ग्रामपंचायतीतही आहेत आणि नगरपंचायतीतही. तरीही नगरपंचायतीत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, म्हणून वस्तीला तिचा स्वतःचा माणूस मिळण्याची शक्यता वाढते. ताई स्वतः अशाच एका राखीव प्रभागातून आल्या आहेत.

“ग्रामपंचायतीत मी निवडून आले नसते,” त्या सांगतात. “एका प्रभागात तीन-तीन सदस्य, पॅनेल ठरवणारे दुसरेच. इथं सातशे माणसांच्या दारात मी स्वतः गेले.”

भाऊसाहेब याला उत्तर देत नाहीत. चहा आणायला सांगतात.

चहानंतर ते दुसरीकडून येतात. “बरं, निवडून आलात. सत्ता कुणाकडे आहे? सही मुख्याधिकाऱ्याची. ते तीन वर्षांत बदलून जाणार. तुम्ही ठराव केला तरी जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली तो थांबवू शकतात.”

“आणि कलम ३९ खाली सरपंचाला घरी कोण पाठवायचं? आयुक्तच ना? वरचा हात दोन्हीकडे होता. फरक एवढाच की आमच्याकडे परीक्षा देऊन आलेला अधिकारी पूर्ण वेळ बसतो. तुमच्याकडे एका ग्रामसेवकाच्या गळ्यात तीन गावं.”

चांगला मुख्याधिकारी लाभला तर काय होते, ते सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात दिसले. १८७६ ची ही जुनी, छोटी नगरपालिका. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी तिथे कचऱ्याचे घरोघरी इतके बारीक वर्गीकरण करून घेतले की कचराडेपो लोक सहलीसाठी पाहायला येऊ लागले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस झाला, प्लॅस्टिक रस्त्याच्या कामी आले. पुढे ते रायगडातल्या कर्जतला गेले आणि तिथेही कचराडेपोचा कायापालट झाला. भाऊसाहेबांना हेच खटकते : माणूस गेला की काम त्याच्यामागे दुसऱ्या गावाला जाते. ताईंना यात आशा दिसते, कारण माणूस आला की काम येते. दोघांनाही उदाहरण एकच, निष्कर्ष उलटे. इथे कौल भाऊसाहेबांकडे झुकतो. गाव अधिकाऱ्याच्या बदलीच्या यादीवर चालत असेल, तर त्याला स्वराज्य संस्था म्हणायला जीभ अडखळते.

निवडून आलेल्यांविना कारभार चालवायची सवय तर अलीकडे राज्यालाच लागली होती. नगरपंचायत झाली त्या दिवशी अनेक गावांत ग्रामपंचायत मुदतीआधी बरखास्त झाली आणि तहसीलदार प्रशासक म्हणून बसले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये शंभरावर नगरपंचायतींचे मतदान लागले असताना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओबीसी जागांचा पेच आला. त्या जागा खुल्या करून १८ जानेवारी २०२२ ला वेगळे मतदान घ्यावे लागले आणि निकाल १९ जानेवारीला लागला. २०२२ पासून तर महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा यांतल्या बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे प्रशासकच होते. त्या काळात ग्रामपंचायतींच्या निवडणुका मात्र टप्प्याटप्प्याने होत राहिल्या. हा मुद्दा भाऊसाहेब विसरत नाहीत, आणि विसरूही नये.

मतदानाचा आणखी एक तिढा आहे, तो गावात कुणी सहसा बोलत नाही. गाव नगरपंचायत झाले की तिथल्या मतदाराचे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मत जाते. पण तिथली प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेकडेच राहते. म्हणजे मुलगा ज्या शाळेत जातो, ती चालवणाऱ्या संस्थेत त्याच्या आईबापांचा प्रतिनिधी नाही. शाळेच्या गळक्या छपराचे गाऱ्हाणे घेऊन जायचे कुणाकडे? नगरसेवक म्हणतो, शाळा आमची नाही. जिल्हा परिषद सदस्य म्हणतो, मतदार माझे नाहीत. दोघेही खरे बोलतात.

सगळ्यात कठीण अवस्था आदिवासी भागातल्या नगरपंचायतींची. पालघरमधले मोखाडा, तलासरी, विक्रमगड, नाशिकचे सुरगाणा, गडचिरोलीतले एटापल्ली, भामरागड, कोरची ही पाचव्या अनुसूचीतली गावे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज, दारू, सावकारी अशा बाबींत जे अधिकार दिले, ते बाकी महाराष्ट्रातल्या ग्रामसभेला कधीच नव्हते. महाराष्ट्राने त्याचे नियम केले मार्च २०१४ मध्ये. आणि त्याच वर्षी तालुक्याची गावे नगरपंचायत करायचे ठरले! एका हाताने दिलेली सभा दुसऱ्या हाताने काढून घेतली गेली. त्यात घटनेचे कलम २४३ झेडसी सांगते की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही, संसदेने तसा वेगळा कायदा केला पाहिजे. तसे विधेयक २००१ मध्ये मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. ज्या धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला ग्रामसभेची ताकद दाखवली, त्याच तालुक्याचे ठिकाण आज नगरपंचायत आहे. ताईंनाही हे पटते.

“तिथं चुकलंच. तिथं आधी विचारायला हवं होतं.”

“आणि इथं?”

“इथंही विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर गावानं नगरपंचायतच मागितली असती, पैज लावते. बाजारपेठेनं मागितली असती.”

“वस्त्यांनी नसती मागितली.”

“वस्त्यांना तुम्ही तरी कधी विचारलं होतं?”

पुणे जिल्ह्यातल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा दाखला इथे उपयोगी पडतो. २०१७ मध्ये ही गावे पुणे महापालिकेत गेली. मालमत्ता कराची बिले आली, सुविधा त्या वेगाने आल्या नाहीत, ओरड झाली. शेवटी शासनाने दोन्ही गावे महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. बाहेर पडताना त्यांनी ग्रामपंचायत परत घेतली नाही, आपल्या मापाची नागरी संस्था घेतली. परतीची वाट खेड्यापर्यंत जात नाही, असे ताईंनी म्हणावे आणि मोठ्या संस्थेत गावाचा आवाज हरवतो, असे भाऊसाहेबांनी म्हणावे, अशी दोघांना सोयीची ती हकिगत आहे.

तरीही दोघांचे एका जागी जुळते. भाऊसाहेबांना सभा हवी आहे. ताईंना पाचजणांचीच न होणारी सभा हवी आहे. आणि नगरपंचायतीचा प्रभाग मुळात इतका लहान असतो की तिथे दोन्ही साधते. बारा हजारांचे गाव धरले तर एका प्रभागात सातशे माणसे येतात. त्यातली मुले वगळा, बाहेरगावी नोकरीला असलेले वगळा, उरलेले समाजमंदिरात मावतात. बारा हजारांची ग्रामसभा भरवणे कधीच शक्य नव्हते, म्हणून तर ती तहकूब होत असे. सातशेंची सभा शक्य आहे. महिलांची तिथे वेगळी बैठक आधी घेता येईल, जशी ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे.

“तुम्ही घ्याल अशी सभा?” भाऊसाहेब विचारतात.

“घेईन. पण तिथं ठरलेलं गटनेत्यानं ऐकायला हवं.”

“ते इतिवृत्तात लिहा. सभेला किती होते, बायका किती होत्या, काय ठरलं. सही घ्या सगळ्यांची. मग गटनेता काय, मुख्याधिकारी काय. लिहिलेलं नाकारायला वेळ लागतो.”

“इतिवृत्त लिहायला तुम्ही याल?”

“येईन की. चाळीस वर्षं तेच केलंय.”

नागरी संस्थांसाठी क्षेत्रसभेची कल्पना शासनाला नवी नाही. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या अटींपैकी ती एक होती आणि राज्याने २००९ मध्ये त्यासाठी कायदादुरुस्तीही केली. प्रत्यक्षात ती भरलेली किती जणांनी पाहिली, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते आठवून पाहावे. घटनेतल्या प्रभाग समित्या तर तीन लाखांवरच्या शहरांनाच सक्तीच्या, म्हणजे नगरपंचायतीला त्यांचा उपयोग नाही. ग्रामसभा काढून घेताना तिच्या जागी काही ठेवायला हवे होते. ते राहून गेले, आणि नगरपंचायत करण्याच्या निर्णयातली मुख्य चूक तीच. नगरपंचायत करणे ही चूक नव्हती.

दुरुस्ती अवघड नाही. ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेची वर्षातली संख्या, तिची गणपूर्ती आणि लाभार्थ्यांची यादी तिच्यापुढे ठेवण्याची सक्ती जशी लिहिली आहे, तशी प्रत्येक नगरपंचायतीच्या प्रत्येक प्रभागासाठी लिहावी. हद्दीतल्या शेतवस्त्यांना रोजगाराच्या कामांचा हक्क द्यावा. अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपंचायतींचा निर्णय तिथल्या पाड्यांच्या ग्रामसभांपुढे पुन्हा ठेवावा. तोवर नगरपंचायतीत राहणाऱ्या वाचकाने एवढे करावे : आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी अर्ज देऊन वर्षातून चार सभा मागाव्यात, आणि त्या अर्जाची पोच घ्यावी.